राष्ट्रपती ‘आपला माणूस’ हवा की संविधानाचा?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जाहीर झाली की ज्येष्ठ नेत्यांची पाठिंब्याची निवेदने सुरू होतात. उमेदवाराची आणि आमची मूल्ये एक आहेत, म्हणून आम्ही त्यांच्या पाठीशी आहोत, असे सांगितले जाते. पण कोणती मूल्ये? या पदापुरती तरी ती यादी कोणा नेत्याने करण्याची गरज नाही. ती संविधानाच्या कलम ६० मध्ये दिलेली आहे. संविधानाचे व कायद्याचे रक्षण करीन आणि जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेईन, अशी शपथ राष्ट्रपती घेतात. पाठिंबा देणाऱ्यानेही उमेदवार याच शपथेवर तपासला पाहिजे.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. २००७ साली शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी रालोआची वाट सोडून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. रालोआचा कौल भैरोसिंह शेखावत यांना होता. ठाकरेंचे कारण सरळ होते : प्रतिभाताई मराठी आहेत. अमरावतीच्या माजी खासदार आणि अमरावतीच्याच सूनबाई म्हणून आपल्या वऱ्हाडालाही आनंद झाला. तो स्वाभाविक होता. परंतु त्यांना पाठिंबा देण्यासाठी याहून मोठे कारण उपलब्ध होते. २००६ साली राजस्थानच्या राज्यपाल असताना धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक त्यांनी सही न करता परत पाठवले होते. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म स्वीकारून माणूसपण मिळवले, त्याला या एका कृतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मराठी असणे ही ओळख झाली. धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहणे हे मूल्य झाले.

याच नेत्याचा दहा वर्षांपूर्वीचा कौलही आठवावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण मारले गेले. राज्यात युतीचे सरकार होते. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १४ जुलैला, राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले. के. आर. नारायणन यांच्या मागे काँग्रेसपासून भाजपपर्यंत जवळजवळ सगळा देश होता. शिवसेनेने मात्र टी. एन. शेषन यांना मते दिली. शेषन यांची अनामत रक्कम जप्त झाली.

नारायणन यांची जात हा आपल्या वस्त्यांच्या अभिमानाचा विषय होता. पण ते मोठे ठरले ते त्यांच्या कृतीने. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत केली. संविधान समीक्षेची टूम निघाली तेव्हा जानेवारी २००० मध्ये त्यांनी देशाला जाहीरपणे विचारले की, अपयशी संविधान ठरले की आपण? राष्ट्रपतीने रबरी शिक्का होऊ नये म्हणजे काय, हे त्यांनी दाखवून दिले.

२०२२ साली उद्धव ठाकरे यांनी विरोधी आघाडीत असूनही द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. पक्षातील आदिवासी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचा त्यांनी हवाला दिला. एक आदिवासी भगिनी राष्ट्रपती भवनात जाते, ही गोष्ट लहान नाही. पण इथेही सांगण्यासारखे मोठे कारण होते. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ मध्ये मुर्मू यांनी छोटानागपूर आणि संथाल परगण्याच्या कुळकायद्यांतील दुरुस्ती विधेयके परत पाठवली होती. आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न होता, आणि सरकार त्यांना नेमणाऱ्या पक्षाचेच होते.

हे आपल्या जिल्ह्याला लागू आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पाचव्या अनुसूचीप्रमाणे असे क्षेत्र जाहीर करण्याचा किंवा त्याची हद्द बदलण्याचा आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतो. म्हणून कोलाम पोडावरच्या माणसाने राष्ट्रपती कोणत्या जमातीचे हे जरूर पाहावे, पण आपल्या जमिनीबाबत त्यांची लेखणी कशी चालते तेही पाहावे.

यवतमाळ जिल्ह्यातून सात आमदार निवडून जातात. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. म्हणजे जिल्ह्याच्या हाती १,२२५ मते होती. सातपैकी राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी, उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. पक्षाच्या आदेशाची सबब इथे कायद्याने टिकत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध बजावले होते. नेत्याने पाठिंबा दिला म्हणून आपणही द्यायचा, ही त्याच व्यक्तिपूजेची पुढची पायरी आहे. विद्यमान राष्ट्रपतींचा कार्यकाळ जुलै २०२७ पर्यंत आहे. पुढच्या मतदानापूर्वी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या सातही आमदारांना जाहीर प्रश्न विचारावा : तुमच्या उमेदवाराने संविधानासाठी आजवर कोणता चुकीचा कागद परत पाठवला? राखीव जागेवरून निवडून आलेल्या तिघांना तर तो सर्वांत आधी विचारावा. बाबासाहेबांच्या संविधानामुळेच ते सभागृहात बसले आहेत.