घरखर्चाची घडी – लेखांक ७ : उशीर कुठे किती महाग पडतो?

गेल्या आठवड्यात आपण महिन्याच्या खर्चाचे गट पाडले. त्यातला बिलांचा गट अनेकांना सर्वांत सोपा वाटतो. रक्कम कागदावर छापून येते, तारीखही छापलेली असते, भरून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. तरीही खात्यात पैसे असताना दंड भरावा लागतो तो याच गटात. लाइट बिल कधी महिन्याच्या मध्याला येतं, पाइप गॅसचं दोन महिन्यांतून एकदा, सोसायटीचा मेंटेनन्स कुठे महिन्याला तर कुठे तिमाहीला, घरपट्टी वर्षातून दोन हप्त्यांत आणि गाडीचा विमा वर्षातून एकदाच. या सगळ्यांना एका रांगेत बसवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : कोणत्या बिलाला उशीर झाला तर काय होतं? बहुतेक घरांत मोठ्या रकमेचं बिल महत्त्वाचं मानलं जातं. माझ्या मते क्रम लावायचा तो रकमेवरून नव्हे, उशिराच्या किमतीवरून.

सुरुवात ओळखीच्या कागदापासून करू. महावितरणच्या घरगुती बिलावर रकमा एकापेक्षा जास्त असतात आणि प्रत्येकीपुढे तारीख असते. लवकरच्या तारखेपर्यंत भरलं तर थोडी कमी रक्कम, अंतिम मुदतीपर्यंत पूर्ण रक्कम, त्यानंतर थोडी जास्त. बिल निघाल्यापासून साधारण आठवड्याच्या आत पैसे भरणाऱ्याला कर वगळून एक टक्क्याच्या आसपास सवलत मिळते आणि मुदत उलटली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. दोन हजारांच्या बिलावर हा फरक चाळीस-पंचेचाळीस रुपयांचा झाला. घर बुडवणारी ही रक्कम नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. खरं दुखणं थकबाकी साचल्यावर सुरू होतं. तिच्यावर वेगळं व्याज चढतं आणि मग नोटीस येते. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाची रक्कमच चुकीची आहे असं वाटत असेल, तर याच कलमात ग्राहकाला आधार आहे. मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. वादग्रस्त बिल हातात धरून बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला.

बिल भरण्याआधी दोन मिनिटं मीटरपुढे उभं राहावं, असा माझा आग्रह आहे. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि वापरलेली युनिट्स हे तीन आकडे बिलावर असतात. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी मीटर बंद असल्याचा किंवा रीडिंग न मिळाल्याचा शेरा दिसला, तर ते बिल सरासरीचं आहे. असं दोन-तीन महिने चाललं आणि मग एकदम खरं रीडिंग घेतलं गेलं की मोठा आकडा अंगावर येतो. घरगुती दर टप्प्यांचे आहेत : शंभर युनिट्सपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. तीन महिन्यांची युनिट्स एकाच महिन्यात मोजली गेली तर वरच्या टप्प्याचा दर लागतो. ती युनिट्स त्या त्या महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून मागावं. अशी तक्रार पहिल्याच महिन्यात केली तर लवकर मार्गी लागते.

उन्हाळ्याच्या सुमारास नेहमीच्या बिलासोबत सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेव्हा बरीच मंडळी गोंधळतात. वर्षभरातल्या सरासरी वापरानुसार ठेव किती हवी हे ठरतं आणि वापर वाढला असेल तर फरकाची मागणी होते. एकच बिल चुकून दोनदा आलं असं समजून ते फेकू नये. ठेवीवर व्याज मिळतं आणि ते बिलातच वळतं करतात. ती ओळ आपल्या बिलात आहे की नाही, एवढं मात्र जरूर तपासावं.

आता घरपट्टी. महापालिका हद्दीत थकलेल्या मालमत्ता करावर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेतल्या मुदत ठेवीवर याच्या निम्मंही व्याज मिळत नाही. ठेव न मोडता घरपट्टी थांबवून ठेवणाऱ्याचा हिशेब इथेच उलटा पडतो. कराचं वर्ष एप्रिलपासून मोजतात, सहामाहीचे दोन हप्ते असतात आणि पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्याला सर्वसाधारण करात सवलतही मिळते. म्हणून एप्रिल-मे हा घरपट्टीचा काळ धरून चालावा आणि तिची तरतूद जानेवारीपासून थोडी थोडी बाजूला काढावी. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली मार्चअखेर जोरात असते. गावी घर आणि शहरात संसार असलेल्यांच्या नजरेतून नेमकी हीच बिलं सुटतात, कारण ती गावच्या पत्त्यावर येतात.

सोसायटीच्या मेंटेनन्सवर थकबाकीचं व्याज किती, हे सर्वसाधारण सभा उपविधींच्या मर्यादेत ठरवते. अनेक सोसायट्यांच्या उपविधींत ही कमाल मर्यादा वर्षाला एकवीस टक्के लिहिलेली आहे. फ्लॅट विकताना सोसायटीचा ना-हरकत दाखला मागितला जातो आणि तेव्हा जुन्या थकबाकीचा हिशेब निघतोच.

क्रेडिट कार्डाचं बिल मी या सगळ्यांच्या वर ठेवेन. त्यावर ‘किमान देय रक्कम’ नावाचा एक आकडा असतो आणि तो फार दिलासा देतो. समजा बिल तीस हजारांचं आहे आणि किमान रक्कम दीड हजार. दीड हजार भरले की लेट फी लागत नाही. पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं, तेही खरेदीच्या तारखेपासून. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिना साडेतीन टक्के दर धरला तर वर्षाला बेचाळीस टक्के होतात आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. चार दिवस विसरलात, असं एखाद्या वेळी होऊ शकतं. पण दर महिन्याला किमान रक्कम भरत राहणं म्हणजे खाजगी सावकाराच्या दराने घर चालवणं आहे. कार्डाची पूर्ण रक्कम भरता येणार नसेल, तर कार्ड वापरणं त्या महिन्यापुरतं थांबवावं.

विम्याच्या हप्त्याला ‘बिल’ म्हणत नाहीत, म्हणून तो या यादीतून गळतो. त्याच्या उशिराची किंमत मात्र टक्क्यांत मोजताच येत नाही. आयुर्विम्याचा हप्ता वार्षिक, सहामाही किंवा तिमाही असेल तर साधारण तीस दिवसांची सवलतीची मुदत मिळते, मासिक असेल तर पंधरा दिवसांची. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्यातही नूतनीकरणाला अशी मुदत असते, पण जुनी मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत कोणी दवाखान्यात दाखल झालं तर तो खर्च सहसा मिळत नाही. सवलतीची मुदतही उलटली तर पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ नव्याने मोजला जाऊ शकतो. साठीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या माणसासाठी हा फटका किती मोठा आहे हे सांगायला नको. वाहन विम्याला तर एका दिवसाचीही सूट नाही. मुदत संपल्यावर गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा ठरतो आणि नव्वद दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जी पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती हातची जाते.

क्रम असा लागला की व्यवस्था लावणं अवघड नाही. पगार किंवा पेन्शन जमा झाल्यानंतरचा एक दिवस, समजा पाच तारीख, बिलांचा दिवस म्हणून ठरवावा. त्या दिवशी हातात असलेली सगळी बिलं भरायची, देय तारीख वीसची असली तरी. महिन्याच्या मधे येणाऱ्या लाइट बिलासाठी हवा तर वीस तारखेचा दुसरा दिवस ठेवावा. दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत आलो आहोत. बिलांचे दिवसही तिथेच लिहावेत, कारण मोबाइलमधली आठवण एकालाच दिसते आणि भिंतीवरची सगळ्यांना. वर्षातून एकदा येणारे विम्याचे हप्ते जानेवारीतच बाराही पानांवर नोंदवून टाकावेत, तेही मुदतीच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात.

खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची सोय कुठे घ्यावी? जिथे आकडा ठरलेला आहे तिथे जरूर : कर्जाचा हप्ता, विमा, इंटरनेट. त्या तारखेला खात्यात शिल्लक असेल एवढं पाहावं, नाहीतर हप्ता परत गेल्याचा दंड बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघीही लावतात. क्रेडिट कार्डासाठीही ही सोय चांगली, फक्त पर्याय निवडताना ‘संपूर्ण रक्कम’ निवडावा. किमान रकमेचा पर्याय निवडून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. लाइट बिल मात्र रीडिंग तपासून स्वतः भरावं. भरताना बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकल्यावर पडद्यावर आलेलं नाव वाचावं. ते नाव कधी आजोबांचं असेल, कधी घराच्या जुन्या मालकाचं, पण ते ओळखीचं असायला हवं. चेकने भरणाऱ्यांनी आठवडाभर आधी भरावं, कारण चेक दिल्याची नव्हे तर वटल्याची तारीख धरली जाते.

‘आज रात्री वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. कायद्याने पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, रात्रीतून मेसेजवर वीज तोडत नाहीत. त्या नंबरवर फोन करू नये, सांगतील ते ॲप तर मुळीच घेऊ नये. शंका असेल तर १९१२ वर विचारावं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी, जितकी लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

राहिली ती मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचे यजमान अचानक अतिदक्षता विभागात दाखल झाले. घरची सगळी बिलं ते फोनवरून भरत. फोनचं लॉक उघडेना, गॅसचा ग्राहक क्रमांक कुठे लिहिलेला नाही आणि आरोग्य विम्याचं नूतनीकरण त्याच आठवड्यात. विमा एजंटाचा जुना कागद कपाटात सापडला म्हणून ते वेळेत झालं. बहुसंख्य घरांत हे काम एकच माणूस करतो, बाकीच्यांना बिल कुठून येतं हेही ठाऊक नसतं.

म्हणून या आठवड्याचं काम : एका वहीच्या पानावर प्रत्येक बिलाचं नाव, ग्राहक किंवा पॉलिसी क्रमांक, ते कोणाच्या नावावर आहे, कोणता मोबाइल नंबर नोंदलेला आहे, कोणत्या खात्यातून जातं आणि साधारण कधी येतं, एवढं लिहा. पासवर्ड आणि पिन लिहू नका. नोंदलेला नंबर जुना, बंद पडलेला किंवा आधीच्या भाडेकरूचा असेल तर तो याच आठवड्यात बदलून घ्या. मग पुढच्या महिन्याची बिलं घरातल्या दुसऱ्या माणसाला भरायला द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. पावत्यांपैकी लाइट बिलाच्या दोन वर्षं तरी ठेवाव्यात, घरपट्टीच्या मात्र घर आपलं आहे तोवर.

पुढच्या लेखांकात : वर्षातून एकदाच येणाऱ्या मोठ्या खर्चांसाठी दरमहा किती बाजूला काढायचं, आणि ते कुठे ठेवायचं.