सोपं इंग्रजी, भाग ११ : ओटी इज देअर?

मागच्या आठवड्यात आपण बाजारात भाव विचारले. आज घरी जाऊ, तेही जुन्या घरी.

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणची आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली होती. निबंधाचा विषय होता आजीचं घर. तिने लिहिलं होतं, 'ओटी इज देअर. वेल इज देअर. टू डोअर्स आर देअर.' एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. पण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो हे वाचून विचारेल, 'देअर' म्हणजे नेमकं कुठे? पोरीने मनातलं मराठी वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. 'ओटी आहे, विहीर आहे.' शेवटी 'आहे', म्हणून शेवटी 'इज देअर'.

आपला 'आहे' फार राबतो. 'घर जुनं आहे', 'घराला ओटी आहे', 'मागे विहीर आहे', तिन्हीकडे तोच. इंग्रजीत त्याच कामाला तीन गडी लागतात. 'द हाउस इज ओल्ड.' 'द हाउस हॅज अ व्हरांडा.' 'देअर इज अ वेल बिहाइंड द हाउस.' घर कसं आहे ते सांगायचं तर 'इज'. मराठीत 'घराला' आलं, की त्यातला 'ला' पाहून 'हॅज' घ्या. आणि अमुक ठिकाणी काय आहे हे सांगायचं असेल तर 'देअर इज', तेही वाक्याच्या सुरुवातीला. एवढं जमलं की निम्मा निबंध झाला.

शब्दांची भीती नको. सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाने १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' मांडलं. अवघ्या ८५० शब्दांत रोजचा व्यवहार भागावा, हा त्यामागचा विचार. त्या यादीत हाउस, वॉल, रूफ, डोअर, विंडो, फ्लोअर, ब्रिक, वुड सगळं आहे. 'टाइल' मात्र नाही. म्हणजे ऑग्डेनचा हट्ट पाळायचा तर कौलाला 'भाजलेली माती' म्हणत बसावं लागेल. आपण तो पाळू नये. फक्त 'रूफ टाइल्स' म्हणावं, नुसतं 'टाइल्स' म्हटलं की बाथरूमची फरशी डोळ्यांसमोर येते. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथली चपटी कौलं पुढे कोकणभर पोचली. त्याआधीचे नळे अर्धगोल, हाताने घडवलेले. ते सांगायचे तर 'हाफ-राउंड टाइल्स, मेड बाय हँड'.

शाकारणीला मात्र इंग्रजीत नेमका शब्द शोधू नका. काय करतात ते सांगा : 'एव्हरी इयर, बिफोर द रेन्स, दे टेक द टाइल्स डाउन, चेंज द ब्रोकन वन्स अँड पुट देम बॅक.' शब्द अडला की कृती सांगायची. कुडाच्या भिंतीचंही तेच : 'द वॉल्स आर मेड ऑफ स्टिक्स अँड मड.' शेणाने सारवलेल्या जमिनीपाशी मुलं लाजतात आणि ती ओळ गाळतात. कशाला? 'द फ्लोअर इज कव्हर्ड विथ काउ डंग अँड मड' हे चोख वाक्य आहे, आणि परदेशी वाचक सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारतो.

ओटीचं काय करायचं? 'व्हरांडा' चालेल. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातच उचलला, 'बंगलो'ही इथलाच. ते आपले शब्द नेतात तर आपणही 'ओटी' बिनधास्त ठेवावी आणि पुढे ओळ जोडावी, 'द ओटी इज अ रेज्ड व्हरांडा इन फ्रंट ऑफ द हाउस.'

आणखी दोन खड्डे. बैठ्या घराला 'सिटिंग हाउस' म्हणू नका (मी वाचलंय!), ते 'वन-स्टोरी हाउस'. आपण ज्याला एकमजली म्हणतो, म्हणजे खाली घर आणि वर माडी, ते 'टू-स्टोरी'. दुसरा खड्डा विशेषणांच्या क्रमाचा. 'जुना मोठा लाकडी दरवाजा' मराठीत कसाही फिरवा, दार उघडतं. इंग्रजीत आधी आकार, मग वय, मग लाकूड : 'अ बिग ओल्ड वुडन डोअर'. आणि साठ वर्षांच्या घराला 'एन्शंट' नको, ते इजिप्तच्या पिरॅमिडांसाठी राहू दे. 'ओल्ड' पुरे.

वही तपासून झाल्यावर मी तिला सहज विचारलं, आजी अजून त्याच घरात असते का? 'नाही, ते पाडलं गेल्या वर्षी. आता बिल्डिंग आहे.' गव्हाणमध्ये हे उत्तर नवं नाही. १९७० मध्ये सिडको आली, शेजारी उलवे वाढलं, १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल धावू लागली. पण मग वहीतलं प्रत्येक 'इज' चुकीचंच की! बसून सगळं बदललं. 'द हाउस वॉज ओल्ड. इट हॅड अ लाँग ओटी.' आणि जे वर्षानुवर्षं होतं, आता नाही, त्याला 'यूज्ड टू' : 'माय ग्रँडमदर यूज्ड टू क्लीन राइस ऑन द ओटी.'

विहिरीच्या ओळीपाशी तिने पेन उचललं. 'विहीर आहे अजून. झाकण टाकलंय.'

मग तिथे 'इज'च राहील. फक्त एक शब्द घाला : 'देअर इज स्टिल अ वेल बिहाइंड द बिल्डिंग.' 'स्टिल'ची जागा पाहून ठेवा, 'इज'च्या लगेच नंतर.