ग्वाल्हेरचा संसार पुण्यास नेताना

आपण ग्वाल्हेरकर ज्या भागाला सहज 'लश्कर' म्हणतो, त्या शब्दाचा अर्थच मुळी सैन्याची छावणी असा आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जयिनी सोडून किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो तळ पुन्हा उठला नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती गल्ल्या झाल्या, आणि साताऱ्याकडून निघालेली घराणी इथल्या मातीत रुजली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८०९ मध्ये, टॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी या फिरत्या छावणीबरोबर होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. बाजारपेठेसकट एक सबंध शहर मुक्कामामागून मुक्काम करीत चालले आहे, असे ते दृश्य आहे. संसार उचलणे आणि मांडणे ही आपल्या पूर्वजांची नित्याची गोष्ट होती. आपण मात्र दोनशे वर्षांत ती विद्या पार विसरून गेलो.

आता ओघ उलटा वाहू लागला आहे. मुले पुण्यास स्थायिक झाली, नातवंडांच्या शाळा तिकडे, आणि जनकगंजात किंवा दौलतगंजात चार खणांच्या घरात दोनच माणसे. कधी गुडघे, कधी हृदय, कधी एकटेपणा यांपैकी एक कारण पुरेसे होते आणि 'आता तिकडेच चला' असे ठरते. ठरविण्यास दोन वर्षे लागतात, निघण्यास मात्र आठ दिवस मिळतात. मुलगा रजा काढून येतो, मोबाइलवरून तीन ठिकाणी भाव विचारतो, आणि सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्यास सारे घर सोपवून मोकळा होतो. या आठ दिवसांविषयी चार शब्द लिहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

'किती पैसे घ्याल?' हा आपण विचारतो तो पहिला प्रश्न. माझ्या मते तो शेवटचा असावा. घरातील सामान हा एकच बोजा नसतो. देवघरातील टाक, आजीची पैठणी, शिसवी कपाट, शीतकपाट, लोणच्याच्या बरण्या आणि पुस्तके ही एकाच छपराखाली राहिली, म्हणून त्यांनी एकाच गाडीतून प्रवास करावा असे नाही. काही वस्तू मोडल्या तर दुकानातून आणता येतात, काही पैसे देऊनही मिळत नाहीत, आणि काही तर नेण्याच्याच नसतात. ही वाटणी आधी झाली, की कोणते वाहन हे बहुतांशी आपोआप ठरते.

न नेण्याच्या वस्तूंपासून आरंभ करावा. दहा वर्षांहून जुने शीतकपाट किंवा धुलाईयंत्र अकराशे किलोमीटर नेण्यात शहाणपण नाही. प्लायवूडची कपाटे एकदा खोलली की त्यांचे स्क्रू पुन्हा पूर्वीसारखे धरत नाहीत. उलट जुने सागवानी किंवा शिसवी सामान प्रवास उत्तम सोसते. आपण बहुधा नेमके उलट करतो, नव्याचे कौतुक म्हणून प्लायवूड नेतो आणि 'जुनाट' म्हणून शिसवी पलंग कबाड्यास देतो. तो कबाडी त्याचे काय करतो, हे दिल्लीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात हिंडलेल्यास विचारावे. मात्र शिसवी कपाट नेण्यापूर्वी पुण्याच्या इमारतीची लिफ्ट, जिन्याचे वळण आणि सदनिकेचे दार यांची मापे मागवून घ्यावीत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे कपाट लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. अखेर ते वाहनतळावर उभे राहिले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याची फळी फुगली. तीन पिढ्यांचे कपाट एका फूटपट्टीअभावी गेले.

आता रेल्वे. ग्वाल्हेरहून पुण्यास झेलम एक्सप्रेस आणि गोवा एक्सप्रेस थेट जातात, आणि सामानाची सांगड प्रवासाशी घालण्याची सोय रेल्वेत आहे. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात माणशी ४० किलो, वातानुकूलित द्वितीय वर्गात ५० किलो सामान तिकिटातच नेता येते. डब्यात नेण्याची पेटी १०० × ६० × २५ सेंटीमीटरांपेक्षा मोठी नसावी. यापलीकडचे सामान पार्सल कचेरीत नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते. तिकीट दाखवून आपल्याच गाडीने नेल्यास ते लगेज, एरवी पार्सल. भांड्यांच्या पेट्या, गाद्या, पुस्तकांची खोकी, स्कूटर अशा बेताच्या गोष्टींना हा मार्ग बरा. स्कूटरचे पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि नोंदणीपत्राची प्रत द्यावी लागते.

पण रेल्वेच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. ग्वाल्हेर स्थानकावर या गाड्या काही मिनिटेच थांबतात. तेवढ्यात कपाटे चढविणे कठीण, शिवाय ब्रेकव्हॅनमध्ये जागा नसल्यास पार्सल मागे राहते. पुण्यास ते वेळेत उचलले नाही तर व्हार्फेज भरावे लागते. आणि मुख्य म्हणजे, मूल्य जाहीर न करता दिलेल्या पार्सलाविषयी रेल्वेची जबाबदारी किलोमागे ५० रुपये, लगेजाविषयी किलोमागे १०० रुपये इतकीच असते. वीस किलोंची पेटी, मग तिच्यात रद्दी असो वा चांदीचे ताट, हजार रुपयांची आणि लगेज असल्यास दोन हजारांची ठरते. अधिक मूल्य जाहीर करून त्याप्रमाणे आकार भरता येतो, पण ते नोंदणीच्या वेळीच करावे लागते.

एके काळी सबंध घर मालगाडीच्या डब्यात भरून जात असे. सरकारी नियमांत बदलीच्या सामानासाठी अद्यापही चारचाकी वॅगनचा उल्लेख आढळतो, तो त्या दिवसांची खूण म्हणावयाची. महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेले वाचक आपल्यात पुष्कळ आहेत. निवृत्तीनंतर कायमच्या वास्तव्याच्या गावी सामान नेण्याचा खर्च सरकार देते, पण त्यास मुदत असते. कागद आधी वाचावेत आणि पावत्या जपाव्यात.

उरले ते ट्रकचे. ग्वाल्हेरहून शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास, इंदूर, मग सेंधव्याचा बिजासन घाट उतरून धुळे, मनमाड, अहिल्यानगर आणि पुणे असा हा रस्ता आहे. धुळ्यापर्यंतचा भाग म्हणजे जुना आग्रा-मुंबई मार्गच. इथे निवड दोन प्रकारची असते. सबंध गाडी आपली घ्यावी, किंवा इतरांच्या मालाबरोबर आपले सामान पाठवावे. दुसरा प्रकार स्वस्त दिसतो. पण त्यात सामान ट्रान्सपोर्ट नगरात एकदा उतरते, इंदुरास कदाचित पुन्हा उतरते, पुण्याच्या गोदामात आणखी एकदा. आणि प्रत्येक उतरणीत नवे हात लागतात. वस्तू मोडतात त्या रस्त्यावर फारशा नव्हे, चढविताना आणि उतरविताना मोडतात. तेव्हा काच, लाकूड, चिनी माती यांसाठी लहानशी का होईना, पण आपलीच गाडी घ्यावी, आणि ती बंद पेटीची असावी. दोन-तीन खोल्यांचा निवडक संसार चौदा फुटी गाडीत सहसा मावतो. पुण्याकडून माल घेऊन आलेली आणि रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडेही उतरते. त्यासाठी आपली तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करण्याची तयारी मात्र हवी.

आता थोडी कायद्याची रुक्ष गोष्ट. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार आणि त्याखालील २०११ च्या नियमांनुसार, अधिक मूल्य जाहीर करून जास्तीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते. याचा व्यवहारी अर्थ पाहा. समजा, भाडे ४०,००० रुपये लिहिले असेल तर ही मर्यादा चार लाख होते. आणि पुष्कळ घासाघीस करून, किंवा 'बिलावर कमी दाखवतो' या चालकाच्या गोड बोलण्यास भुलून बिल्टीवर ४,००० लिहिले असतील तर चाळीस हजार. भाड्याचा आकडा जसा खाली येतो, तशी दुसऱ्या बाजूची जबाबदारीही खाली येते, हे भाव करताना कोणी सांगत नाही. नुकसानीचा दावा लावावयाचा तर नोंदणीच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते. फोनवरील संभाषणास किंमत नाही.

म्हणून बिल्टी ही या सर्व प्रकरणातील पत्रिका समजावी. तिच्यावर गाडीचा क्रमांक, नगांची संख्या, जाहीर मूल्य आणि भाड्याची पूर्ण रक्कम लिहिली आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी चष्मा लावून पाहावे. विमा 'आम्हीच काढतो' असे सांगून पैसे घेतले जातात. तो खरोखर काढला असेल तर आपल्या नावाचा विमापत्राचा कागद असतो. कागद नसेल तर विमाही नाही. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून धंदा करणारे, आणि गाडी निम्म्या वाटेत थांबवून वाढीव रक्कम मागणारे महाभाग देशभर आहेत. पैसे एकरकमी आगाऊ देऊ नयेत, आणि गोदाम नसलेल्या, केवळ मोबाइल क्रमांक असलेल्या माणसाच्या हाती घर देऊ नये. इंडियन बँक्स असोसिएशन शिफारस केलेल्या वाहतूकदारांची यादी ठेवते. बँकेतील एखादा भाचा-पुतण्या असल्यास ती त्याच्याकडून पाहून घ्यावी.

पुण्याचे जकात नाके २०१३ साली उठले, तो जाच आता नाही. वापरलेल्या घरगुती सामानास ई-वे बिलही लागत नाही. तरी तसे स्पष्ट लिहिलेली, सही केलेली यादी चालकाजवळ असावी. गॅसचे सिलिंडर ट्रकमध्ये घालू नयेत; ते एजन्सीत जमा करून कागद घ्यावा आणि पुण्यास नवी जोडणी घ्यावी.

बांधाबांध आपण करावी की पॅकर्सनी, यावर घरोघर वाद होतो. जड सामान त्यांचे आणि स्वयंपाकघर आपले, अशी वाटणी मला पसंत आहे. पितळी पिंपे, हंडे, घंगाळे ही स्वतःच उत्तम खोकी असतात, त्यांच्यात वाट्या-पेले कापडात गुंडाळून बसवावे. आणि ग्वाल्हेरच्या थंडीतील त्या पाच-पाच शेरांच्या रजया! पुण्यास त्यांचा उपयोग शून्य, पण आरसे, तसबिरी आणि देव्हारा गुंडाळण्यास त्यांच्याइतके चांगले काही नाही. कारखान्यातील फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद त्यांच्यापुढे फिका आहे. प्रत्येक नगावर क्रमांक घालावा आणि त्या क्रमांकात काय आहे, ते एका वहीत लिहावे. ही वही आपल्याजवळ ठेवावी. ट्रकमध्ये गेलेली वही शेवटच्या खोक्यात सापडते.

पुस्तकांचा भार फार होतो. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली असून तिच्यात पाच किलोंपर्यंतचे पुस्तकांचे पुडके सवलतीच्या दरात जाते. निवडक ग्रंथ असे पाठवावेत, बाकीचे गावातील ग्रंथालयास द्यावेत. मोडी कागद मात्र रद्दीत घालू नयेत. ते कोणत्याही बोजात न घालता हातात न्यावेत. घरी वाचणारे कोणी उरले नसेल, तर पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तेथे जाऊन विचारावे. देवघरातील टाक, गौरींचे मुखवटे, दागिने आणि घराची मूळ खरेदीखते हीही हातच्या पिशवीत. ट्रक एकदा निघाला की तीन-चार दिवस घर आपल्या दृष्टीआड असते, तेव्हा त्यात काही झाले तरी रात्रीची झोप जाणार नाही एवढेच सामान असावे.

ऋतूचाही विचार हवा. मुलांच्या सुट्ट्यांमुळे सगळे मे-जूनमध्ये निघतात, तेव्हा भाडी चढतात आणि ग्वाल्हेरच्या उन्हात लाकूड तडकते. पावसाळ्यात घाट आणि ताडपत्री यांचे भरवशाचे नाते नसते. पौष-माघात आपल्याकडील धुके गाड्यांचे वेळापत्रक बिघडवते. दिवाळीनंतरचा महिना किंवा फाल्गुन हे उत्तम.

पुण्यास ट्रक पोहोचण्यापूर्वी घरचे एक माणूस तेथे हवे. मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात अनेक ठिकाणी बंदी असते आणि गृहसंस्थांचेही आपापले नियम असतात, ते आधी विचारून ठेवावेत. आपल्याकडे पल्लेदार जागच्या जागी मजुरी ठरवितो. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यापासून माथाडी कामगार संघटित आहेत, उतरविण्याच्या मजुरीवरून दारात वाद नको असेल तर ती भाड्यात धरली आहे की नाही, हे ग्वाल्हेरातच लिहून घ्यावे. पोचपावतीवर सही करण्याआधी नग मोजावे, आणि मोडतोड दिसली तर ती त्याच पावतीवर लिहावी.

एक वस्तू मुद्दाम शेवटी ठेवली. आपल्या पुष्कळ घरांत एक तंबोरा असतो, कोणी वाजवो न वाजवो. त्यातले बरेचसे मिरजेत घडलेले. तो ट्रकमध्ये देऊ नये, त्याच्या भोपळ्यास एक ठोसा पुरे होतो. तारा सैल कराव्यात, घोडी काढून वेगळी गुंडाळावी, भोपळ्याखाली मऊ रजई द्यावी आणि गाडीत खालच्या बाकावर आपल्या उशाशी ठेवावा. पुण्यास पोहोचल्यावर तारा लगेच चढवू नयेत. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत वाळलेल्या लाकडास तिकडची दमट हवा अंगवळणी पडू द्यावी. आठवडाभर तो खोलीच्या कोपऱ्यात, उन्हापासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर, तसाच उभा असू द्यावा, आणि मग हळूहळू जोडीच्या तारांपासून सुरास लावावा.