मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय

आपल्याकडे घर एकदम बांधून होत नाही. आधी पुढची खोली, मग स्वयंपाकघर, मुले मोठी झाली की वर एक खोली, असे ते वर्षानुवर्षे वाढत जाते. वाय-फायचा डबा मात्र केबलवाला जिथून वायर आत घेतो तिथेच, पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी बसतो. आलेल्या पाहुण्याच्या मोबाईलला पूर्ण रेंज मिळते आणि वर अभ्यास करणारी मुलगी रेंज शोधत जिन्यात येते.

आमच्या घरी हेच झाले. मुलीची ऑनलाइन तोंडी परीक्षा चालू असताना दोनदा पडद्यावरचे चित्र गोठले. दुसऱ्यांदा जोडणी परत येईपर्यंत तिची वेळ संपली होती. तिने कुणाला दोष दिला नाही. लॅपटॉप उचलून जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी इथंच बसते." त्याच वेळी खाली आम्ही टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्याच दिवशी मी जास्त वेगाचा प्लॅन घेतला. पैसे गेले, वरच्या खोलीत काहीच फरक पडला नाही. बंधू-भगिनींनो, ही चूक आपण करू नका. प्लॅनचा वेग त्या डब्यापर्यंतचा असतो. पुढचा प्रवास आपल्या घराच्या भिंतींतून होतो. विटांची भिंत लहरी थोड्या अडवते, सळ्यांचा स्लॅब आणि लोखंडी कपाट फार अडवतात, पाण्याने भरलेली टाकी त्या शोषून घेते. बहुतेक डब्यांत दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, पण हळू. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो आणि अडथळा आणतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण दोन भिंतींत थकतो.

म्हणून आधी मोबाईल घेऊन प्रत्येक खोलीत वेग मोजा. मग डबा टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, उघड्या जागी ठेवून पुन्हा मोजा. लहान घरात एवढ्यानेच काम भागते आणि नवे काही घ्यावे लागत नाही. चाळीच्या एका खोलीत तर दुसऱ्या डब्याची मुळीच गरज नाही, दुकानदार काहीही सांगो.

आमच्याकडे मध्ये स्लॅब होता. स्वस्त म्हणून आधी रिपीटर आणला. साधा रिपीटर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर तेच पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. रेंज दिसते, पण चित्र अडकतच राहते.

शेवटी मेश घेतले. मेश म्हणजे जाळे. दोन-तीन डबे एकमेकांशी जोडलेले, सगळ्यांचे नाव एक, पासवर्ड एक. पहिला डबा कंपनीच्या डब्याला वायरने जोडायचा, दुसरा आत ठेवायचा. घरात फिरताना मोबाईल सहसा जवळच्या डब्याकडे आपोआप वळतो. कंपनीच्या डब्याचे जुने वाय-फाय मात्र बंद करावे, नाहीतर मोबाईल त्यालाच चिकटून राहतो.

जागेबाबत बहुतेकांची फसगत होते. जिथे रेंज नाही तिथेच दुसरा डबा ठेवावा, असे मलाही वाटले होते. पण ज्याला स्वतःलाच रेंज नाही तो दुसऱ्याला काय देणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. मोबाईलवरच्या वाय-फाय तपासणीच्या ॲपमध्ये उणे ६० ते ६५ असा आकडा येईल ती जागा चांगली. उणे ८० म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे ती जागा जिन्याच्या वळणावर निघाली.

त्याहून उत्तम म्हणजे दोन्ही डब्यांमध्ये लॅन केबल. बिनतारी मेशमध्येही डबे आपसांत बोलतात तेव्हा वेग खर्च होतो. केबल टाकली की तो वाचतो, आणि मग दुसरा डबा थेट मागच्या खोलीत ठेवता येतो. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांना तेवढी लागतच नाही. आम्ही ती बाहेरच्या भिंतीवरून वेगळ्या पाइपातून वर नेली. विजेच्या वायरीच्या पाइपात ती घालू नये. घराचे काम काढले असेल तर वायरमनला वरच्या खोलीसाठी रिकामा पाइप टाकायला आताच सांगावे. नंतर भिंत फोडण्याचा खर्च वेगळा येतो.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. वीज गेली की खालचा डबा छोट्या यूपीएसवर चालू राहायचा आणि वरचा बंद पडायचा. आता दोन्हींना यूपीएस आहे.