मेहरौलीचा स्तंभ आणि फवारणीची गाडी

पुसा येथील कृषी विज्ञान मेळ्यासाठी दिल्लीला जाणाऱ्या शेतकऱ्यांना मुक्कामासाठी नवी दिल्ली स्थानकालगतचे पहाडगंज सोयीचे पडते. तेथून पिवळ्या मार्गिकेची मेट्रो थेट कुतुबमिनारकडे जाते. मिनार पाहून झाल्यावर त्याच आवारातील लोहस्तंभापाशी थोडे अधिक थांबावे. सुमारे ७ मीटर उंचीचा आणि ६ टनांहून अधिक वजनाचा हा गुप्तकालीन स्तंभ सुमारे १६०० वर्षे जवळजवळ न गंजता उभा आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी याचे कारण उलगडले. जुन्या पद्धतीने गाळलेल्या या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण बरेच अधिक आहे. त्यामुळे पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार झाला. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहेच.

शेतकऱ्याच्या पिकअपला किंवा ट्रॅक्टरच्या ब्लोअरला हे भाग्य नसते. आजच्या पोलादात स्फुरद मुद्दाम अत्यल्प ठेवतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो. शिवाय गाडी वाहते काय, तर खते आणि मोरचूद. गंजण्यासाठी पाणी व प्राणवायू पुरेसे असले, तरी क्षार मिसळले की क्रिया कितीतरी वेगाने होते. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड हे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइडच होय. म्हणजे हौद्यात फाटलेली पोटॅशची गोणी सोलापूरच्या गाडीला कोकणचा किनारा दाखवते. मोरचुदाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या द्रावणातील तांबे लोखंडावर बसते, त्या बदल्यात लोखंड विरघळते आणि बसलेले तांबे शेजारच्या लोखंडाची झीज वाढवत राहते. बोर्डो मिश्रणात लोखंडी चाकू बुडवून तांबूस थर येतो का, हे पाहण्याची रीत याच क्रियेवर आधारलेली आहे. थर आला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. तसे न केल्यास पाने करपतात आणि गाडीही खराब होते. मोरचुदाचे द्रावण लोखंडी पिंपात कधीही करू नये.

झालेला गंज काढताना बहुतेकांची घाई नडते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून त्यावर दिलेला रंग काही महिन्यांत फुगून सुटतो. आधी गाडी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. तारेचा ब्रश व पॉलिश पेपर यांनी धातू चमकेपर्यंत घासावे. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजरोधक द्रावण लावावे. ते गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. मेहरौलीच्या स्तंभावर शतकानुशतके जे घडले, त्याच्याच जातीचे हे काम. (म्हणून कोणी हौद्याला डीएपी चोळू नये, त्यातील अमोनियम क्षार लोखंडाला मारकच.) हातमोजे व चष्मा वापरावा. द्रावणाच्या डब्यावरील सूचनेप्रमाणे पृष्ठभाग तयार करून विनाविलंब प्रायमर व त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. स्वस्त मिळते म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणे टाळावे, कारण त्याचे क्लोराइड फटींत उरून नव्या गंजाला आमंत्रण देते. सांगाड्याला जळके ऑइल फासण्याची सवयही सोडावी. त्यावर धूळ चिकटते, रबरी भाग फुगतात आणि ठिबकलेले तेल रानात जाते.

प्रतिबंधाचे काम मात्र रोजचे आहे. फवारणी संपताच गाडी, विशेषतः चाकांवरील कमानी आणि हौद्याचे सांधे, धुवावेत. हौद्यातील रबरी चटई उचलून खालची ओल वाळू द्यावी. दरवाजांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते आणि बाहेरून रंग फुगेपर्यंत कळत नाही. निचऱ्याचे महत्त्व शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने खरा धोका पुढेच आहे. लोखंडी नळातील गंजाच्या कपच्या नोझलमध्ये अडकतात, फवाऱ्याचा पंखा तुटतो आणि फुलकिडे नेमके कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात तग धरतात. दोष औषधाला दिला जातो, पुढची फवारणी अधिक मात्रेने होते. गाळणीत तांबूस चुरा दिसू लागला, तर कीटकनाशक बदलण्यापूर्वी नळ उघडून पाहावेत आणि प्रत्येक नोझलचे मिनिटभराचे पाणी मापून घ्यावे.