सामान्यनामाची खरेदी

व्याकरणाच्या पाठात मुलांना सामान्यनाम आणि विशेषनाम यांचा भेद फार लवकर शिकविला जातो. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम. शाळा सुटल्यावर हा भेद बहुतेकांच्या विस्मृतीत जातो. न्यायालयांत मात्र गेले पाव शतक त्याचीच चर्चा चालू आहे. इंटरनेटवर धंदा मांडू इच्छिणाऱ्याला प्रथम एक पत्ता, म्हणजे डोमेन नाव, घ्यावे लागते. हा पत्ता निवडताना पुष्कळांचा ओढा रोजच्या बोलण्यातील शब्दाकडे असतो : मसाले, लग्न, शिकवणी, पुस्तके. हिशेब सरळ दिसतो. शब्द ग्राहकाच्या तोंडी आधीच रुळलेला असल्याने जाहिरातीचा खर्च वाचेल. आणि तो कोणाच्याच मालकीचा नसल्याने हरकतही कोणी घेणार नाही. यातील पहिले अनुमान बव्हंशी खरे आहे. दुसऱ्यापायी निवृत्तीची पुंजी किंवा बँकेचे कर्ज पणाला लागू शकते.

पत्त्याची नोंदणी करणारी कंपनी सर्वसाधारणपणे एवढेच पाहते की, तो पत्ता शिल्लक आहे काय. जो प्रथम येईल आणि शुल्क भरील त्याला तो मिळतो. त्या शब्दावर दुसऱ्या कोणाचा व्यापारी हक्क आहे काय, याची चौकशी ती करीत नाही. शिवाय नोंदणी ठराविक वर्षांपुरतीच असते आणि मुदत संपली की तिचे नूतनीकरण करावे लागते. तात्पर्य, हाती पडते ती भाडेपावती, खरेदीखत नव्हे. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून तो धंद्याची ओळख पटविणारे चिन्हही आहे, आणि म्हणून दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपविण्यास मनाई करणारा कायदा त्यालाही लागू पडतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सत्यम् इन्फोवे कंपनीच्या दाव्यात दिला. त्या निकालातील एक भेद विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. वेगवेगळ्या मालाचा व्यापार करणारे एकाच नावाचे दोन व्यापारी सुखाने नांदू शकतात. इंटरनेटवर मात्र एक पत्ता सगळ्या जगात एकालाच मिळतो. गर्दी होते ती यामुळेच.

त्या दाव्यातील ‘सिफी’ हा शब्द निदान घडविलेला तरी होता. ‘नौकरी’ हा शब्द तसा नाही. उत्तर हिंदुस्थानात तो घरोघर बोलला जातो. नौकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ 1997 साली सुरू झाले. पुढे एका प्रतिस्पर्ध्याने त्याच शब्दाच्या रोमन लेखनात ‘ए’ हे एक अक्षर अधिक घालून पत्ता घेतला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा बचाव ठरलेलाच होता : हा तर शब्दकोशातला शब्द, त्यावर मक्तेदारी कसली? 2002 साली न्यायालयाने हा बचाव अमान्य करून मनाई हुकूम दिला. दीर्घ वापराने त्या सामान्य शब्दाला एका विशिष्ट सेवेचा दुय्यम अर्थ चिकटला आहे, असे न्यायालयास दिसले. प्रतिवादीचे स्वतःचे संकेतस्थळ निराळ्याच नावाचे होते, हेही त्याच्या हेतूविषयी पुरेसे बोलके ठरले. सामान्यनामाचे असे विशेषनाम झाले.

आता याच्या शेजारी मुंबई उच्च न्यायालयाचा 2016 सालचा निकाल ठेवून पाहावा. शादी डॉट कॉम हे नाव ठाऊक नाही असे उपवर मुलामुलींचे घर विरळाच. घटस्फोटित व विधवा-विधुरांचे विवाह जुळविणाऱ्या एका संकेतस्थळाने ‘सेकंड शादी’ असे नाव घेतले, तेव्हा शादी डॉट कॉमच्या चालकांनी त्यास हरकत घेतली. न्या. गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. शादी म्हणजे विवाह, आणि विवाह जुळविणाऱ्याने तो शब्द वापरला तर तो आपल्या सेवेचे वर्णनच करीत असतो. असा शब्द निव्वळ गाजला म्हणून सहजासहजी एकाच्या पदरात पडत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. एवढे मोठे नाव, एवढी वर्षे, एवढा जाहिरातखर्च. आणि तरीही दारात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या ‘शादी’ला त्या टप्प्यावर हटविता आले नाही. हा निकाल योग्यच म्हणावा लागेल. भाषा ही सार्वजनिक विहीर आहे. प्रथम रहाट बसविला एवढ्यावरून विहिरीवर नाव कोरता येत नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे सामान्य शब्द विकत घेणाऱ्याची खरी अडचण उघड होते. त्याच शब्दावर आधी कोणी नाव कमावले असेल, तर त्याला ‘नौकरी’च्या प्रतिवादीसारखे कटघऱ्यात उभे राहावे लागेल. कोणीच कमावले नसेल, तर पुढे शेजाऱ्याने तोच शब्द उचलला असता त्याला रोखण्याचे साधन याच्या हाती नसेल. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 9 मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या शब्दाची नोंदणी नाकारते. दीर्घ वापराने त्याला वेगळेपण आले असेल तरच अपवाद. कलम 30 दुसऱ्यालाही तो शब्द वर्णनापुरता वापरण्याची मुभा देते. भारी किंमत मोजून घेतलेला शब्द असा दोन्ही बाजूंनी उघडा असतो.

शब्द सामान्य आहे की नाही, हे नुसत्या शब्दाकडे पाहून सांगताही येत नाही. तो कोणत्या मालावर लावला आहे, ते पाहावे लागते. उंट हा वाळवंटातला प्राणी. तथापि, दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 साली मुंबईत शाईचा जो कारखाना काढला, त्याची ‘कॅमल’ शाई आणि पुढे रंगपेट्या मराठी शाळांतील पिढ्यान् पिढ्यांनी वापरल्या. जैसलमेरला उंटावरून पर्यटकांची सफर घडविणाऱ्याने ‘कॅमल’ म्हटले तर ते वर्णन आहे. वह्या, रंग आणि पेन्सिली विकणाऱ्याने तेच नाव घेतले, तर प्राण्याचे नाव कोणाच्या बापाचे नाही हे उत्तर न्यायालयात टिकणार नाही.

अमेरिकेतील एका निकालाचा दाखला पत्ते विकणारे दलाल अलीकडे उत्साहाने देतात. बुकिंग डॉट कॉम हे नाव सामान्य म्हणून तेथील कार्यालयाने व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यास नकार दिला होता. 30 जून 2020 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. दलाल सांगत नाहीत ते असे की, ते नाव ऐकताच 74.8 टक्के ग्राहकांना ते विशिष्ट कंपनीचे नाव वाटते, अशी पाहणी कंपनीने पुराव्यात दिली होती. आणि आपले चिन्ह दुबळेच राहील, हेही तिने स्वतः मान्य केले होते. नव्याने धंदा काढणाऱ्या माणसाजवळ अशी पाहणी कोठून असणार?

जुना पत्ता दुसऱ्याकडून घेताना आणखी एक फसगत संभवते. हा 1998 पासूनचा पत्ता आहे, असे विक्रेता अभिमानाने सांगतो, आणि त्या वयाची किंमत वेगळी लावतो. डोमेन नावांच्या तंट्यांसाठी 1999 पासून जी आंतरराष्ट्रीय लवाद पद्धती चालू आहे, तीत पत्ता नव्या माणसाकडे आला की हेतूची तपासणी बहुधा त्याने तो घेतला त्या तारखेपासून होते. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ते नाव बाजारात रूढ केले असेल, तर विक्रेत्याची ज्येष्ठता खरेदीदाराच्या कामी येत नाही. शिवाय कोऱ्या ठेवलेल्या पत्त्यावर पूर्वीच्या धन्याने त्या नावाच्या व्यापाऱ्याच्या स्पर्धकांच्या जाहिराती लावल्या असतील, तर तो इतिहासही शंकेला खतपाणी घालतो. विक्रीच्या करारात अशा दाव्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकणारे कलम असावे, एवढी साधी गोष्टही लहान खरेदीदाराला सुचत नाही. त्याला कोणी ती सुचवीतही नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत लिपीचा घोळ निराळाच. पोळी, भाजी, लग्न यांचे रोमन लेखन ठरलेले नाही. एक पत्ता घ्यावा तर त्याचे चार जुळे भाऊ मोकळे राहतात. 2014 पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हे पत्ते मिळू लागले. परंतु आपल्या लिपीत आला म्हणून सामान्य शब्द कमी सामान्य होत नाही.

नोंदलेल्या व्यापारचिन्हांचा शोध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य घेता येतो. त्याचे मुख्य कार्यालय तर मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. माल व सेवा यांचे 45 वर्ग तेथे केलेले आहेत. आपल्या वर्गात तो शब्द कोणी घेतला आहे काय, हे पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. हा शोध अर्थात पुरेसा नाही. नोंदणी न करताही वर्षानुवर्षे नाव चालविणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, आणि असा व्यापारी कोणत्याच यादीत सापडत नाही. त्यासाठी बाजारात विचारपूस करावी लागते. परंतु निदान यादीतले नाव तरी पत्ता विकताना खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर यावे, अशी सक्ती पत्ते विकणाऱ्या कंपन्यांवर करण्यास काय हरकत असावी? शोधाची सोय आहे, यंत्रे आहेत. पैसे घेण्याआधी ती यादी दाखविणे काही क्षणांचे काम आहे.