बुटांच्या जाहिरातीतला बॅसेट हाउंड फ्लॅटमध्ये पाळायचाय? आधी हे वाचा

मॉलमधल्या बुटांच्या दुकानात 'हश पपीज'ची पाटी पाहिली असेलच. लांब कान, झोपाळू डोळे आणि सगळं जग आपल्यावर रुसलंय असा चेहरा. १९५८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या ब्रँडवरचा कुत्रा म्हणजे बॅसेट हाउंड. मुंबईच्या उपनगरांत लॅब्रॉडॉर, शिट्झू, बीगल पावलोपावली भेटतात. बॅसेट मात्र क्वचितच दिसतो आणि दिसला की त्याचा रील होतो. खाली कमेंट ठरलेली, "किती गोड, मला पण हवा!"

रीलमध्ये तो बहुतेक वेळा सोफ्यावर पडलेला असतो. त्यामुळे वन बीएचकेसाठी हाच बरा असं वाटतं. हे अर्धंच खरं आहे.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. आपल्या महाराष्ट्रातला कारवान हा नजरेने भक्ष्य टिपून सुसाट पळणारा. बॅसेट दुसऱ्या प्रकारातला, जमिनीला नाक लावून माग काढणारा. वासाच्या बाबतीत ब्लडहाउंडनंतर त्याचाच नंबर लावतात. तो मूळचा फ्रान्सचा. फ्रेंचमध्ये 'बा' म्हणजे ठेंगणा, नाव त्यावरूनच आलं. सशाच्या शिकारीला लोक पायी जायचे, त्यामुळे माणसाला गाठता येईल इतकाच वेग असलेला कुत्रा त्यांना हवा होता.

हे आखूड पाय एका जनुकाच्या जास्तीच्या प्रतीमुळे येतात. २००९ साली झालेल्या संशोधनात बॅसेट, डॅशहंड, कॉर्गी अशा जातींमध्ये ती सापडली. म्हणजे बॅसेट हा छोटा कुत्रा नाही. मोठा कुत्राच आहे, फक्त पाय आखूड. उंची सव्वा फुटाच्या आत, पण वजन २० ते ३० किलो!

खरी अडचण इथून सुरू होते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत बिनलिफ्टच्या तीन-चार मजली इमारती अजून भरपूर आहेत. लांब पाठ आणि आखूड पाय घेऊन रोज जिने चढणं-उतरणं, सोफ्यावरून उड्या मारणं याचा ताण मणक्यावर येतो. मणक्यातली चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. मग उचलून न्यायचं म्हटलं, तर तांदळाचं २५ किलोचं पोतं तिसऱ्या मजल्यावर न्यायचंय असं समजा, तेही वळवळणारं. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली हवाच. वजन वाढू न देणं हे तर औषधापेक्षा मोठं काम. त्या चेहऱ्याकडे बघून वडापावचा तुकडा देणारे घरात चारजण असतात, आधी त्यांना आवरा.

आणि पावसाळा. पोट जमिनीपासून वीतभर अंतरावर, त्यामुळे डबकं ओलांडलं की सगळं पाणी पोटाला लागतं. उंदरांच्या लघवीमुळे अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि तो माणसालाही होतो. त्याची लस डॉक्टरांना विचारून दरवर्षी द्यायची, फिरून आल्यावर पोट आणि पंजे धुऊन कोरडे करायचे. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. दमट हवेत तिथे बुरशी आणि जंतू वाढतात. म्हणून आठवड्यातून एकदा कान उलटून बघा. आंबूस वास, काळपट मळ किंवा सतत डोकं झटकणं दिसलं की घरगुती तेल-बिल न घालता डॉक्टर गाठा. कातडीच्या घड्याही पुसायच्या. आणि हो, लाळ गळणारच. पाहुणे येण्याआधी एक फडकं हाताशी ठेवलेलं बरं.

शेजाऱ्यांचंही बघायला लागेल. बॅसेटचा आवाज खर्जातला, लांबवर जाणारा. झुडपात कुत्रा दिसला नाही तरी शिकाऱ्याला तो कुठे आहे हे कळावं, यासाठी तो उपयोगी होता. घरात एकटा ठेवला की तो हेल काढून रडतो आणि कुत्र्याचं रडणं अपशकुनी मानणारे काका-काकू प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतातच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण रात्री दोन वाजता शेजाऱ्यांना हा नियम दाखवून काही उपयोग नाही. दिवसभर घर रिकामं राहत असेल, तर हा कुत्रा नकोच.

"हाक मारली तर ऐकत नाही" ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. तो बहिरा नाही आणि ढ तर अजिबात नाही. एकदा माग लागला की मालकाची वाट न बघता पुढे जायचं, यासाठीच तो पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. म्हणून पट्टा कधीच सोडायचा नाही. आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणाऱ्यांनी तर नाहीच, कारण तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे.

त्याला दमवायचं तर पळवू नका, हुंगू द्या. एकाच खांबापाशी तो पाच मिनिटं थांबला तरी ओढू नका. वास घेणं हाच त्याचा व्यायाम आहे. पावसात घरीच असाल तर जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये जेवणातले चार दाणे लपवा. अर्धा तास निवांत जातो.

हे सगळं वाचूनही हवाच असेल, तर आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांनुसार बेकायदा आहे, हे लक्षात ठेवा. विकणाऱ्याची नोंदणी विचारा, घरी आणल्यावर पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस. आणि पिल्लाचा फोटो बघून पैसे पाठवू नका. त्याच्या आईला प्रत्यक्ष चालताना बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर सरळ परत फिरा.